धनी, दास आणि जामीन

(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी धडा)

शास्त्रपाठ : फिलेमोनास पत्र, वचने १ ते २५.
सोबत वाचावे : कलस्सै २:१३-१४, ३:१२ ते ४:१, ४:७-९.
मुखपाठाचे वचन : फिलेमोन १६.

घरच्या उपासनेसाठी वाचने : सोमवार – उत्पत्ति ५०:१५-२१. मंगळवार – अनुवाद १५:१२-१८. बुधवार – मत्तय १८:२१-३५. गुरुवार – लूक १९:१-१०. शुक्रवार – गलती ३:२६-२९. शनिवार – कलस्सै ३:१२-१७. रविवार – फिलेमोनास पत्र, संपूर्ण.

प्रस्तावना

पौल प्रेषिताच्या सर्व पत्रांत फिलेमोनास लिहिलेले पत्र अगदी लहान आहे. त्यात अवघी पंचवीस वचने असून मूळ ग्रीक भाषेत त्याचे शब्द सुमारे ३३५ भरतात. तीताचे पत्र संपते व इब्री लोकांस पत्र सुरू होते, त्या दोहोंच्या मध्ये ते असे बसले आहे की पाने उलटताना पुष्कळांच्या बोटांतून ते निसटून जाते. त्यात कोणत्याही गहन मताचे प्रतिपादन नाही. एका घरात एक अपराध घडला, धनी व दास ह्यांच्यामध्ये तेढ पडली आणि एका बंदिवानाने दोघांच्या मध्ये उभे राहून समेट घडवून आणण्याचा यत्न केला, एवढाच त्यातील विषय. मग असले घरगुती पत्र मंडळीने इतक्या जतनाने का राखून ठेविले? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच आजचा धडा होय.

पत्रातील माणसे

फिलेमोन हा कलस्सै येथील राहणारा दिसतो. कलस्सै हे नगर आशिया प्रांतात लुकुस नदीच्या खोऱ्यात लावदिकीया व हेरापली ह्या नगरांच्या शेजारी होते. तो प्रदेश आज तुर्कस्तानात मोडतो. फिलेमोनाच्या घरी मंडळी जमत असे. त्या काळी उपासनामंदिरे नव्हती, म्हणून ज्याचे घर मोठे त्याच्या ओसरीवर किंवा माजघरात भाकर मोडली जाई. घर मोठे म्हणजे दासही असावयाचेच. फिलेमोनाला प्रभूची ओळख पौलाकडून झाली, हे एकोणिसाव्या वचनावरून दिसते. अफ्फिया ही बहुधा त्याची पत्नी असावी, आणि अर्खिप्प हा मंडळीचा एक सेवक.

दुसरा मनुष्य अनेसिम. हा फिलेमोनाचा दास. त्याच्या नावाचा अर्थ ‘उपयोगी’ असा आहे. दासांस आईबापांनी ठेविलेले नाव कित्येकदा राहत नसे. विकत घेणारा आपल्या मनास येईल ते नाव देई, आणि बैलाला जसे गुणावरून नाव पडते तसे हे नाव दासांमध्ये सर्रास आढळे.

तिसरा पौल. तो ह्या वेळी वृद्ध व बेडीत आहे. पुष्कळ भाष्यकार हा बंदिवास रोम शहरातील, म्हणजे इ. स. ६० ते ६२ च्या सुमाराचा मानितात. काही जण तो इफिस येथील असावा असे म्हणतात. कोठे का असेना, त्या बंदिवासात अनेसिमाची व पौलाची गाठ पडली आणि अनेसिम ख्रिस्ताचा झाला.

अनेसिम पळून गेला होता असे प्राचीन काळापासून सांगण्यात येते. पत्रात मात्र ‘पळाला’ हा शब्द नाही. रोमी कायदेपंडितांचे एक मत असे होते की, जो दास धन्याच्या रागास भिऊन धन्याच्या मित्राकडे मध्यस्थी मागण्यास जातो, त्यास पळपुटा म्हणू नये. म्हणून अलीकडील काही अभ्यासकांस असे वाटते की, अनेसिम पौलाकडे आश्रयासाठीच गेला असावा. एवढे निश्चित की, धन्याची काही हानी झाली असण्याचा संभव होता आणि परत जाणे हे अनेसिमाच्या जिवावरचे काम होते.

त्या काळची दासपद्धती

जिवावरचे म्हणण्याचे कारण ध्यानात घ्यावे. रोमी कायद्यात दास ही ‘वस्तू’ होती. वार्रो नावाच्या रोमी ग्रंथकाराने शेतीच्या साधनांचे तीन वर्ग केले : मुकी साधने म्हणजे गाड्या, अर्धवट आवाज काढणारी म्हणजे बैल, आणि बोलणारी म्हणजे दास! दासाचा विवाह कायद्याने विवाह मानिला जात नसे. त्याचे मूल धन्याचे. पळालेला सापडल्यास त्याला फटके मारीत, कपाळावर डाग देत किंवा गळ्यात लोखंडी पट्टा घालीत. असले पट्टे आजही पाहावयास मिळतात. मला धरा, मी पळालो आहे, मला धन्याकडे पोहोचवा, अशा अर्थाची अक्षरे त्यांवर कोरलेली आहेत.

इ. स. ६१ मध्ये, म्हणजे हे पत्र लिहिले गेले त्याच सुमारास, रोम शहराचा अधिकारी पेदानियुस सेकुंदुस ह्याचा त्याच्या एका दासाने खून केला. जुन्या रूढीप्रमाणे त्या घरातील सर्व दासांस मारावयाचे होते. ते चारशे होते, आणि त्यांत स्त्रिया व मुलेही होती. शहरातील सामान्य लोक खवळले. तरी वरिष्ठ सभेने शिक्षा कायम केली आणि नीरो बादशहाने रस्त्यावर शिपाई उभे करून ती अमलात आणिली. ताकितुस ह्या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेविली आहे. अशा जगात पौलाने एका दासाच्या हाती पत्र देऊन त्यास धन्याच्या दारी धाडिले.

पत्राचे विवरण

वचने १ ते ७. पौल एकट्या फिलेमोनास लिहीत नाही. अफ्फिया, अर्खिप्प व घरात जमणारी मंडळी ह्या सर्वांची नावे तो आरंभी घालितो. म्हणजे हे पत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचले जावयाचे होते. कल्पना करा : घरात दिवा लागला आहे, मंडळी बसली आहे, धनी पुढे आहे, आणि दाराशी अनेसिम मान खाली घालून उभा आहे. इतर दासही तेथेच असतील. आता धनी काय करितो, ह्याकडे सर्वांचे डोळे लागले आहेत. दोन विश्वासणाऱ्यांतील तेढ ही त्या दोघांचीच खासगी बाब नसून ती सगळ्या मंडळीची असते, हा ह्या पत्राचा पहिला बोध.

वचने ८ ते १४. प्रेषित ह्या नात्याने मला आज्ञा करिता आली असती, परंतु प्रीतीस्तव मी विनंती करितो, असे पौल म्हणतो. अनेसिमाला तो आपले लेकरू म्हणतो. बेडीत असता मला हे लेकरू झाले, असे सांगतो. नंतर त्याच्या नावावर गोड श्लेष करितो : नावाचा उपयोगी, पूर्वी तुला निरुपयोगी होता, पण आता तुला व मला दोघांनाही उपयोगी झाला आहे. पुढे बाराव्या वचनात त्याने जो शब्द योजिला आहे त्याचा मूळ अर्थ ‘आतडी’ असा आहे. आपणा मराठी माणसांस हे समजाविण्याची गरजच नाही. आतड्याची माया, आतडे तुटणे, हे बोल आपल्या घराघरांत आहेत. पौल म्हणतो, मी तुझ्याकडे माझे आतडेच पाठवितो आहे. हाच शब्द सातव्या वचनात आहे, कारण फिलेमोनाने पवित्र जनांची आतडी शांत केली होती. आणि विसाव्या वचनातही आहे, कारण आता त्याने पौलाचे आतडे शांत करावयाचे आहे. मधल्या ठिकाणी ते आतडे म्हणजे अनेसिम! त्याला फटका मारशील तर तो कोणास लागेल, हे फिलेमोनाने ओळखावयाचे होते.

वचने १५ ते १७. येथे पत्राचा कळस आहे. तो काही काळ तुझ्यापासून दूर झाला तो कदाचित ह्यासाठी की, तो तुला सर्वकाळचा मिळावा; आणि आता दास म्हणून नव्हे, तर दासाहून अधिक, म्हणजे प्रिय बंधू म्हणून. पौल ‘प्रभूमध्ये’ एवढेच म्हणून थांबत नाही; ‘देहानेही’ असे म्हणतो. ह्याचा अर्थ बंधुत्व केवळ उपासनेपुरते नाही. रविवारी भाऊ आणि सोमवारी बोलणारे अवजार, असे चालावयाचे नाही. चूल, पंगत, मजुरी, आजारपण, ह्या सर्वांत बंधुत्व दिसले पाहिजे. आणि माझा जसा स्वीकार करशील तसा त्याचा कर, असे पौल सांगतो. बाविसाव्या वचनात तो स्वतःसाठी उतरण्याची खोली तयार ठेवावयास सांगतो. तेव्हा त्या स्वीकाराचे माप किती मोठे, हे कळते.

वचने १८ ते २०. येथे पौल हिशेबाच्या वहीची भाषा बोलतो. त्याने तुझा काही अपराध केला असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या नावे मांड. मग लेखणी आपल्या हाती घेऊन तो लिहितो की, मी स्वतः फेडीन. त्या काळी ऋणको स्वहस्ते लिहून देई तोच कर्जरोखा ठरे. म्हणजे हे पत्र पौलाने लिहून दिलेला रोखाच आहे. जामीन राहण्याविषयी नीतिसूत्रे आपणास सावध करितात (११:१५), आणि जामिनकीपायी बुडालेली घरे प्रत्येक गावात ठाऊक असतात. तरी हा बेडीतला म्हातारा, ज्याच्यापाशी धन नाही, एका दासासाठी जामीन होतो.

वाचकहो, आता कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राचे दुसऱ्या अध्यायातील चौदावे वचन उघडा. तेथे सांगितले आहे की, आपल्याविरुद्ध असलेला रोखा ख्रिस्ताने दूर केला व वधस्तंभाला खिळिला. ते पत्र ह्याच नगरास आले, आणि ते आणणाऱ्या तुखिकाबरोबर हाच अनेसिम होता (४:७-९). ज्या मंडळीने ऐकले की आपला रोखा वधस्तंभावर खिळिला गेला, तिच्यासमोरच प्रश्न आला की, अनेसिमाच्या रोख्याचे काय? पौलाने जे केले ते त्याच्या प्रभूने अगोदर केलेल्याचे प्रतिबिंब होते. ह्यावरून क्षमा म्हणजे काय ते स्पष्ट होते. हानी झालीच नाही असे म्हणणे म्हणजे क्षमा नव्हे. हानी झाली, ती वहीत मांडली गेली, आणि कोणी तरी ती आपल्या अंगावर घेतली. क्षमेस किंमत पडते.

दुसरे एक पत्र

ह्या पत्राशी ताडून पाहण्याजोगे एक पत्र इतिहासात आहे. इ. स. १०० च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी सरदाराने साबिनियानुस ह्या आपल्या मित्रास लिहिले. त्या मित्राचा एक मुक्त केलेला दास अपराध करून प्लिनीच्या पायांवर येऊन पडला होता. प्लिनीने त्याच्या आसवांचे व तरुण वयाचे वर्णन करून दया मागितली, आणि त्यास मी चांगले खडसावले आहे, असेही कळविले. मित्राने ऐकिले, व प्लिनीने त्याचे आभार मानिले. पत्र सुस्वभावाचे आहे. त्यास नावे ठेवू नयेत. परंतु भेद पाहा. प्लिनी दासाच्या अश्रूंविषयी लिहितो, तर पौल त्याच्या नव्या नात्याविषयी. प्लिनी धन्याचा राग शांत करू पाहतो, पौल धनीपणच बदलू पाहतो. आणि देणे माझ्या नावे मांड, हे वाक्य प्लिनीच्या पत्रात कोठेही नाही.

पुढे काय झाले

फिलेमोनाने काय केले हे शास्त्रात सांगितलेले नाही. परंतु त्याने हे पत्र फाडून टाकिले असते तर ते आपल्या हाती आले नसते. इ. स. ११० च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप इग्नाती रोमकडे मृत्युदंडासाठी नेला जात असता त्याने इफिसकरांस पत्र लिहिले. त्यात इफिसच्या बिशपाचे नाव अनेसिम असे आहे. नाव सामान्य असल्यामुळे एवढ्यावरून तो हाच असे सिद्ध होत नाही.

मंडळीने दासपद्धती एका दिवसात मोडिली नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. ख्रिस्ती धन्यांच्या घरी शतकानुशतके दास होते. तरी खमीर पिठात काम करीत होते. रोमच्या मंडळीने इ. स. ९६ च्या सुमारास करिंथकरांस पाठविलेल्या पत्रात असा उल्लेख आहे की, आपल्यातील कित्येकांनी दुसऱ्यांस सोडविण्यासाठी स्वतःस दासपणात विकिले. इ. स. ११२ च्या सुमारास वर सांगितलेल्या प्लिनीनेच बिथुनिया प्रांतात दोन दासींचे हाल करून त्यांची चौकशी केली. त्या दासी मंडळीच्या सेविका होत्या. जगाच्या दृष्टीने वस्तू, आणि मंडळीत सेविका! पूर्वी दास असलेला कल्लिस्तुस तिसऱ्या शतकात रोमचा बिशप झाला. चौथ्या शतकात नुस्सा येथील ग्रेगरी ह्याने उपदेशक ग्रंथावरील प्रवचनात दास बाळगण्यावरच प्रहार केला. देवाच्या प्रतिरूपाची किंमत कोण ठरविणार, असा त्याचा रोख होता.

पत्राचा दुरुपयोग

ह्याच पत्राचा पुढे उलट उपयोगही झाला. अमेरिकेत पळालेल्या दासांस परत देण्याविषयीचा कायदा १८५० साली झाला, तेव्हा कित्येक उपदेशकांनी पौलानेही अनेसिमास परत धाडिले असे दाखविले. त्यापूर्वी १८३३ मध्ये जॉर्जिया प्रांतात चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाच्या पाळकाने दासांच्या मोठ्या सभेपुढे ह्या पत्रावर उपदेश करून पळून जाण्याचा निषेध केला. तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. आणि असले पत्र शास्त्रात नाहीच, असे काहींनी स्पष्ट सांगितले. ही गोष्ट त्या पाळकानेच लिहून ठेविली आहे. ते निरक्षर श्रोते चुकले, पण उपदेशक त्यांहून अधिक चुकला. पौलाने सारे पत्र धन्यास लिहिले, आणि ह्याने ते दासांवर फेकिले. पळून आलेल्या दासास धन्याच्या हाती देऊ नये, ही मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा (अनुवाद २३:१५-१६) त्याने सांगितली नाही, आणि माणसे पळवून विकणाऱ्यांस पौलाने अधर्म्यांच्या पंक्तीत बसविले आहे (१ तीमथ्य १:१०), हेही नाही.

अमेरिकेतील दासपण १८६५ मध्ये कायद्याने संपले. ती वार्ता आपल्या महाराष्ट्रातही पोहोचली. पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले, आणि दासांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस ते अर्पण केले.

आपणांसाठी बोध

१. क्षमेचा उपदेश प्रथम बलवानास करावा. आपल्या मंडळ्यांत भांडण झाले की आपण बहुधा दुबळ्या पक्षासच समजावितो : सुनेला, मजुराला, धाकट्या भावाला, तू सोसून घे, ख्रिस्ताने क्षमा केली, तूही कर. पौलाने असे केले नाही. ज्याच्या हाती फटका होता, त्याच्याकडे तो प्रथम गेला.

२. समेट व भरपाई ह्यांची फारकत करू नये. जक्कयाने चौपट परत केले. ज्याने घेतले त्याने फेडावे. त्यास शक्ती नसेल तर मंडळीने भार उचलावा.

३. परंतु देण्याच्या नावाखाली माणूस बांधून ठेवू नये. आपल्या भागात सालगड्याचे साल गुढीपाडव्यास ठरते, ऊसतोडीस जाणारे उचल घेतात, आणि उचल अंगावर असता कोणी निघून गेला की गावात शोधाशोध होते. देणारा व घेणारा दोघेही मंडळीतले असू शकतात. साध्या, प्रामाणिक उसनवारीची फेड झालीच पाहिजे. मात्र उचलीपायी माणसाला दुसरीकडे काम करण्याची मोकळीक राहिली नाही, किंवा बापाचे देणे लेकराने राबून फेडावे असे झाले, तर ती वेठबिगारी होय. १९७६ च्या अधिनियमाने ती बंद केली असून असले देणेही रद्द ठरविले आहे. धर्मशिक्षकाने अशा देण्याचा वसूलदार कधीही होऊ नये. अनेसिमाबरोबर जे पत्र गेले ते त्याला बांधण्यासाठी नव्हते, हे त्याने स्मरावे.

४. मध्यस्थाने स्वतःचे काही घालावे. दोघांचे ऐकून निवाडा देणे सोपे आहे. पौलाने आपला शब्द, आपली प्रतिष्ठा व आपली वही मध्ये ठेविली. ज्या मध्यस्थास काहीच खर्च येत नाही, त्याच्या शब्दास वजन येत नाही.

५. प्रभुभोजनाच्या मेजाकडे पाहावे. एकाच भाकरीचा वाटा घेऊन बाहेर पडल्यावर पूर्वीच्या जातीवरून, भावकीवरून किंवा जुन्या वैरावरून कोणाच्या घरचे पाणी टाळीत असू, तर आपण अनेसिमास अद्याप दाराबाहेरच उभे ठेविले आहे.

शिकविणाऱ्यास सूचना

विवरण करण्यापूर्वी सगळे पत्र एकदा सावकाश, मोठ्याने वाचावे. त्यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ज्यांस वाचिता येत नाही, त्यांनीही ते कलस्सैच्या मंडळीप्रमाणे कानांनी ऐकावे. वाचन झाल्यावर क्षणभर शांत राहून प्रत्येकाने मनात ठरवावे की, ह्या घरात मी कोण आहे : फिलेमोन, अनेसिम की पौल? गावात चालू असलेल्या एखाद्या भांडणाचे नाव वर्गात घेऊ नये. वर्ग सुटल्यावर त्या घरी जावे.

प्रश्न

१. पौलाने हे पत्र सर्व मंडळीस ऐकविण्याजोगे का लिहिले?
२. आज्ञा करिता येत असता त्याने विनंती का केली?
३. ‘देहानेही’ बंधू ह्याचा अर्थ आपल्या गावात कोणकोणत्या गोष्टींत दिसावा?
४. अठराव्या वचनाचा कलस्सै २:१४ शी संबंध सांगा.
५. अनेसिमास परत जाण्यास कोणते धैर्य लागले असेल? फिलेमोनास त्याचा स्वीकार करण्यास कोणते?
६. आपल्या मंडळीत आज कोणाचे देणे कोणी आपल्या नावे मांडून घ्यावयास हवे?

प्रार्थनेचा विषय : ज्यांच्या हाती दुसऱ्याचे अन्न आहे त्या सर्वांसाठी, जे भयाने घर सोडून गेले आहेत त्यांसाठी, आणि दोघांच्या मध्ये उभे राहण्याचे धैर्य आपणांस मिळावे म्हणून.